थराचे वय आणि चित्राचा अर्थ

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील लेआंग करामपुआंग गुहेत एक रानडुक्कर व त्याच्याजवळ तीन मानवसदृश आकृत्या रंगविलेल्या आहेत. २०२४ साली संशोधकांनी हे चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे ठरविले. यातील ‘किमान’ हा शब्द वाचकाने सोडू नये. मोजले गेले ते रंगाचे वय नव्हे, तर रंगावर साचलेल्या कॅल्साइटच्या थराचे. पाण्याबरोबर युरेनियम थरात येते, थोरियम जवळजवळ येत नाही. युरेनियमच्या क्षयातून पुढे जे थोरियम साठते, त्यावरून काळ कळतो. मात्र पाझरत्या पाण्याने युरेनियम धुऊन नेले, तर थर आहे त्याहून जुना भासतो. म्हणूनच लेझरने थराचा सूक्ष्म भाग निवडून तपासण्याची नवी रीत आम्हांस मोलाची वाटते.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. ही कथा सांगणारी कला होय, असे संशोधक म्हणतात. असेलही. परंतु त्या आकृत्या शिकार करीत आहेत की अन्य काही, हे थर सांगत नाही. मोजलेले आणि अनुमानलेले एकाच शीर्षकाखाली आले, की अनुमानालाही मोजमापाचे वजन लाभते. आणि येथे नेमके तेच झाले आहे.