पोलिसांना जाब विचारण्याचे अंतर

लोकशाहीत पोलिसांनी जनतेस उत्तरदायी असावे, हे तत्त्व आता वादाचे राहिलेले नाही. ते उत्तर मागावयाचे कोणी आणि कोठे, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. लातूर जिल्ह्यातील चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणावरून पाहिले असता त्याचे गांभीर्य विशेष जाणवते.

गावकऱ्यांना पोलिसांशी जोडणाऱ्या संस्था येथे थोड्या नाहीत. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीसपाटलाची कर्तव्ये ठरविली. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी समित्या स्थापिल्या. सणावारी ठाण्यात शांतता समितीही भरते. तथापि ह्या सर्व संस्था पोलिसांच्या साहाय्यार्थ आहेत. पाटील वर्दी देतो, समिती तंटा मिटविते. ठाणेदारास जाब विचारण्याचा अधिकार ह्यांपैकी कोणासही नाही.

तो अधिकार निर्माण व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणी २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य व जिल्हा अशा दोन्ही स्तरांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. उपअधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी जिल्ह्यातच ऐकल्या जाव्यात, अशी ही योजना होती. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली; परंतु जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. हा बदल दिसावयास केवळ शब्दाचा आहे. परिणामाने तो फार मोठा आहे. चाकूरहून लातूर तासाभराच्या वाटेवर आहे; विभागाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. बेकायदा अटकेची तक्रार करणाऱ्या शेतमजुराचा एकेका तारखेस दोन दिवसांचा रोज बुडतो. आणि परतल्यावर त्याला राहावयाचे असते त्याच ठाण्याच्या हद्दीत.

दूरच्या प्राधिकरणावर स्थानिक दडपण येत नाही, असा ह्या व्यवस्थेच्या बाजूने युक्तिवाद संभवतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु त्या भयाचा परिहार न्यायालयाने मूळ आदेशातच केला होता: जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा, आणि उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी सुचविलेल्या नामिकेतून त्याची निवड व्हावी. निःपक्षपात अध्यक्षाच्या निवडीने साधावयाचा होता. तक्रारदारास दूर ठेवून नव्हे.

अशा रीतीने चाकूरच्या नागरिकापुढे एक विचित्र विषमता उभी राहते. ज्या संस्था त्याच्या दाराशी आहेत त्यांना अधिकार नाही, आणि जिला अधिकार आहे ती त्याच्या आवाक्यात नाही. विभागीय प्राधिकरणाने लातूर व नांदेड येथे नियमित बैठका घ्याव्यात आणि निर्णयांची माहिती तालुक्याच्या ठिकाणी प्रसिद्ध करावी, इतके केले तरी हे अंतर पुष्कळ कमी होईल. जाब विचारण्याचा अधिकार केवळ कायद्यात असून भागत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो आपल्या पायांनी चालत जाऊन बजाविता आला पाहिजे.