क्षमेनंतरची दहा गाणी

दिवंगत आईवर रचलेल्या गाण्यांचा संग्रह म्हटला की मराठी वाचकाच्या मनात काही अपेक्षा आपोआप जाग्या होतात. ‘श्यामची आई’ वाचत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. ख्रिस्ती वाचकाला संत मोनिकाही आठवते. मुलासाठी आसवे गाळणारी आणि त्याच्यामागून समुद्र ओलांडून जाणारी ती माता इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे निवर्तली. त्या वेळी संत ऑगस्टीन यांनी अश्रू आवरून धरले आणि पुढे एकांतात त्यांना वाट करून दिली, हे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे. या दोन्ही माता मुलाचा ध्यास घेतलेल्या. त्यांच्यासाठी रडणे दुःखाचे असले तरी अवघड नव्हे. परंतु जी आई मुलाला सोडून गेली, जिचा सहवास पुरता लाभलाच नाही, तिच्यासाठी शोक करायचा तो कसा? जे मिळालेच नाही ते गमावल्याचे दुःख कोणत्या शब्दांत मांडायचे?

अमेरिकन गायक-गीतकार सूफ्यान स्टीव्हन्स यांच्या ‘कॅरी अँड लॉवेल’ या अकरा गाण्यांच्या संग्रहाचा हाच विषय आहे. ३१ मार्च २०१५ रोजी तो प्रसिद्ध झाला. कॅरी ही त्यांची आई. सूफ्यान अवघा एक वर्षाचा असताना तिने घर सोडले. मानसिक आजार आणि व्यसन यांनी तिचे आयुष्य पोखरले होते. मुले मिशिगन राज्यात वडील व सावत्र आई यांच्याजवळ वाढली. पुढे कॅरीने लॉवेल ब्रॅम्स यांच्याशी विवाह केला. तो सुमारे पाच वर्षे टिकला. त्या काळात, म्हणजे सूफ्यान पाच ते आठ वर्षांचा असताना, मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑरेगन राज्यातील युजीन या गावी आईकडे जात. आईचा सहवास म्हणावा तो एवढाच. डिसेंबर २०१२ मध्ये कॅरीचा कर्करोगाने अंत झाला.

संग्रहाच्या नावात आईच्या जोडीने सावत्र वडिलांचेही नाव आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्याच्यावर रक्ताचे कोणतेच बंधन नव्हते, तो मनुष्य लग्न मोडल्यावरही मुलाच्या आयुष्यातून गेला नाही. १९९९ साली या दोघांनी मिळून ‘अ‍ॅस्थमॅटिक किटी’ ही लहानशी स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्था स्थापन केली आणि प्रस्तुत संग्रह तिनेच काढला आहे. २०२० साली ‘अपोरिया’ हा वाद्यसंगीताचा संग्रहही या दोघांच्या नावाने निघाला. संत योसेफाची भक्ती करणाऱ्या आपल्या समाजाला परिपालक पित्याची थोरवी वेगळी सांगावयास नको.

संस्था स्वतःची असल्यामुळे गायकावर बाजाराचा दाब नव्हता, हे ऐकतानाच जाणवते. २००५ सालच्या ‘इलिनॉय’ या संग्रहात स्टीव्हन्स यांनी वाद्यांचा मोठा ताफा उभा केला होता. येथे मात्र बोटांनी छेडलेली गिटार, बँजो, थोडा पियानो, दूरवरून आल्यासारखे सिंथेसायझरचे सूर आणि पुटपुटल्यासारखा आवाज, इतकाच ऐवज आहे. ड्रम जवळजवळ नाहीतच. काही भाग तर हॉटेलच्या खोलीत मोबाइल फोनवर मुद्रित केलेला असून त्यातील वातानुकूलन यंत्राची घरघर तशीच राहू दिली आहे. एखाद्या मोठ्या कंपनीने ती खचितच पुसून टाकली असती. ती राहिल्यामुळे, शेजारच्या खोलीत कुणी एकटाच गात बसला आहे आणि आपण भिंतीला कान लावून ऐकत आहोत, असा भास होतो.

या संग्रहाविषयी आमचे म्हणणे एकाच वाक्यात सांगता येईल. येथे क्षमा पहिल्याच गाण्यात उच्चारली जाते आणि उरलेली दहा गाणी त्या क्षमेची किंमत चुकवण्यात जातात. सामान्यतः अशा कथेत क्षमा शेवटी येते. आधी राग, मग अश्रू आणि अखेरीस समेट, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. स्टीव्हन्स यांनी तो उलटा केला आणि तो उलटा आहे म्हणूनच खरा आहे.

‘डेथ विथ डिग्निटी’ या पहिल्या गाण्याचे शीर्षक ऑरेगनमधील त्याच नावाच्या कायद्याची आठवण करून देते. असाध्य आजार झालेल्यास डॉक्टरी साहाय्याने मरण पत्करण्याची मुभा देणारा तो कायदा १९९४ साली जनमताने संमत होऊन १९९७ पासून अमलात आला. ख्रिस्तसभेला तो मान्य नाही. परंतु गाण्याचा त्या वादाशी संबंध नाही. येथे प्रतिष्ठा हवी आहे ती मृत आईला, आणि ती देणार आहे मुलगा. गिटारच्या झुळझुळत्या चालीवर तो आईला क्षमा केल्याचे सांगतो आणि तिच्याजवळ जाण्याची इच्छा बोलून दाखवतो. त्यानंतर शब्द थांबतात आणि केवळ सूर उरतात. संग्रह येथेच संपायला हरकत नव्हती, पण संपत नाही.

‘शुड हॅव नोन बेटर’मध्ये हिशेब सुरू होतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना व्हिडिओच्या दुकानात सोडून आई निघून गेल्याची आठवण येथे येते. ती सांगताना आवाज यत्किंचितही चढत नाही. गाण्याच्या मध्यावर एकाएकी चाल उजळते आणि भावाला झालेल्या लेकीच्या रूपाने घरात प्रकाश आल्याचे गायक सांगतो. आम्हांला हा संग्रहातील सर्वांत सुंदर क्षण वाटतो. गेलेल्या पिढीने जे दिले नाही ते येणारी पिढी न मागता देते, आणि तरीही आधीचे न मिळणे मिटत नाही.

‘ऑल ऑफ मी वाँट्स ऑल ऑफ यू’ हे प्रतिसाद न मिळणाऱ्या प्रीतीचे गाणे. आईकडून न मिळालेले दुसऱ्या व्यक्तीकडून वसूल करू पाहणाऱ्याची फरफट त्यात आहे. मात्र गाणे म्हणून ते इतरांच्या मानाने फिके आहे. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या ‘ड्रॉन टू द ब्लड’मध्ये एलिया संदेष्टा आणि दलीला यांची नावे येतात. प्रार्थना करूनही पदरी हे का आले, असा येथील प्रश्न. उत्तर शब्दांत मिळत नाही. गाण्याच्या अखेरीस सुरांचा एक दीर्घ लोट येतो आणि प्रश्न त्यात बुडून जातो.

‘युजीन’ हे जेमतेम अडीच मिनिटांचे गाणे. लिंबाच्या चवीचे दही, मुलाचे नाव नीट उच्चारता न येणारा पोहण्याचा शिक्षक, आईच्या जवळ राहण्याची धडपड, असे बालपणीचे बारीकसारीक तपशील त्यात आहेत. आईचा सहवास विपुल लाभलेला मनुष्य असे तपशील विसरून जातो. ज्याच्यापाशी मोजकेच दिवस आहेत तो एकेक कण जपून ठेवतो. गाण्याच्या अखेरीस मात्र, जिच्यासाठी गायचे तिलाच ऐकू जाणार नसेल तर गाण्याचा उपयोग काय, अशी शंका गायकाच्या मनाला चाटून जाते.

संग्रहाच्या मधोमध ‘फोर्थ ऑफ जुलै’ आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे, आतषबाजीचे नाव असलेले हे गाणे मृत्युशय्येपाशी घडते. मुलगा आणि आई यांचा हा संवाद आहे. आई मुलाला नाना लाडक्या नावांनी हाक मारते, त्याची समजूत घालते, त्याला पुरेसे प्रेम मिळाले का असे विचारते. ऑरेगनमधील टिलमुकच्या जंगलाला १९३३ ते १९५१ या काळात पुनःपुन्हा लागलेल्या वणव्यांचा उल्लेखही येथे येतो. शेवटी मृत्यू कुणालाही चुकत नाही हे एकच सत्य पुनःपुन्हा उच्चारले जाते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण जे ऐकतो त्याहून ते वेगळे नाही. परंतु या गाण्याचे मर्म आम्हांला निराळ्या ठिकाणी दिसते. आईच्या तोंडचे शब्दही मुलानेच रचलेले आहेत. जी माया हयातीत पुरती मिळाली नाही, ती त्याने आपल्या पदरची घालून आईच्या मुखी दिली आहे. पहिल्या गाण्यातील क्षमा ही घोषणा होती, येथे ती कृती झाली. क्षमा करणे म्हणजे अपराध्याला त्याच्या सर्वांत चांगल्या रूपात पुन्हा बोलू देणे, असा अर्थ या गाण्यातून आम्हांला उमगला.

कृतीची झीज पुढील गाण्यात दिसते. ‘द ओन्ली थिंग’मध्ये गायक जीवन संपवण्याच्या विचाराशी झुंजतो. आकाशातील नक्षत्रे, सागरकिनाऱ्यावरील गुहा, सृष्टीतील खुणा आणि आश्चर्ये त्याला कसेबसे धरून ठेवतात. हे गाणे प्रामाणिक आहे, तितकेच ते धोक्याचेही आहे. आपल्या घरातील तरुण मुले कानांत यंत्र अडकवून अशी गाणी एकट्याने ऐकतात. ज्याच्या मनात तसाच अंधार आहे त्याला या गाण्यापाशी एकटे सोडू नये. त्याच्या शेजारी जाऊन बसावे आणि वेळीच वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

नावाचे गाणे ‘कॅरी अँड लॉवेल’ त्यामानाने हलके, उन्हाळी दिवसांसारखे आहे. परंतु त्यातही मनोविकारावरील एका औषधाचे नाव आणि ग्रीक पुराणातील पाताळाचा काळोख डोकावतो. त्यानंतर येते ‘जॉन माय बिलव्हेड’. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूच्या उराशी टेकलेला शिष्य योहान आपल्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात भेटतो. त्या जवळिकीची आस येथे आहे. मानवी प्रीती आणि प्रार्थना यांच्या सीमारेषा गाण्यात पुसट होत जातात आणि शेवटी येशूने जवळ यावे, आपले रक्षण करावे, एवढीच याचना उरते. गाणे संपल्यावर गायकाने घेतलेला एक श्वास स्पष्ट ऐकू येतो. तोही पुसलेला नाही.

‘नो शेड इन द शॅडो ऑफ द क्रॉस’ या दहाव्या गाण्याच्या शीर्षकाचे मराठी करणे कठीण आहे. इंग्रजीत पडछायेला एक शब्द आणि उन्हापासून मिळणाऱ्या आसऱ्याला दुसरा. आपल्या भाषेत दोन्हींना सावलीच म्हणतात, आणि सावली म्हटली की आपल्या मनात विसावाच येतो. क्रुसाची सावली अंगावर पडते आहे, पण तिच्यात विसावा नाही, असे येथे म्हणावयाचे आहे. या गाण्यात एक असभ्य शब्द आहे. व्यसन आणि देहसुखाच्या आहारी गेल्याची कबुलीही आहे. काही वाचकांना ते खटकेल. आमच्या मते हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. स्वतःची मोडतोड कबूल करणाऱ्याच्या तोंडून तो निसटला आहे. ८८ वे स्तोत्र आपण प्रार्थनाग्रंथात जपले आहे आणि ते अखेरपर्यंत अंधारातच राहते. विलापाला लगेच सांत्वनाचे ठिगळ लावू नये, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे.

शेवटचे गाणे ‘ब्ल्यू बकेट ऑफ गोल्ड’. त्याच्यामागे ऑरेगनमधील एक दंतकथा आहे. १८४५ साली पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या तांड्यातील मुलांनी ओढ्याकाठचे पिवळे खडे एका निळ्या बादलीत गोळा केले. ते सोने होते हे मोठ्यांच्या ध्यानी फार उशिरा आले आणि मग ती जागा कुणालाच सापडली नाही. युजीनच्या त्या उन्हाळ्यांना याहून समर्पक उपमा मिळणार नाही. मुलाच्या हाती सोने होते, परंतु ते सोने आहे हे सांगणारे तेव्हा कुणी नव्हते. गाण्याच्या अखेरीस शब्द विरून सुरांचे एक विस्तीर्ण धुके तेवढे राहते.

या संग्रहात उणिवा आहेत. सर्व गाणी एकाच हलक्या आवाजात आहेत आणि एका बैठकीत ऐकताना ती एकमेकांत मिसळतात. ऑरेगनमधील स्थळांचे संदर्भ आणि ग्रीक पुराणातील नावे काही ठिकाणी इतकी दाटतात, की गायक त्यांच्याआड लपतो आहे की काय अशी शंका येते. स्वतः स्टीव्हन्सही आपल्या कृतीवर संतुष्ट नाहीत. २०२५ साली संग्रहाची दशकपूर्तीची आवृत्ती निघाली. तिच्यासोबतच्या निबंधात, आईच्या मृत्यूतून कलाकृती घडवण्याच्या आपल्या खटाटोपाविषयीच त्यांनी शंका घेतली आहे. हा शोक आपण पेलू शकलो नाही, असे त्यांना वाटते.

कलावंताच्या या मताचा आदर राखूनही आम्ही त्याच्याशी सहमत नाही. शोक पेलला गेला असता तर पहिल्या गाण्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नसते. प्रवचनपीठावरून क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. ज्या बाईला आईने टाकले, ज्या पुरुषाचा बाप दारूपायी परागंदा झाला, त्यांना “क्षमा करा म्हणजे मन शांत होईल” असे सांगितले जाते. ते मनापासून क्षमा करतात आणि तरीही रात्री झोप लागत नाही. मग आपली क्षमाच खोटी होती की काय, अशी नवी टोचणी त्यांना लागते. अशा माणसांना हा संग्रह धीर देईल. क्षमा खरी असूनही दुःख उरू शकते, राग परत येऊ शकतो, प्रार्थना कोरडी पडू शकते. म्हणून पहिल्या दिवशी उच्चारलेला शब्द रद्द होत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उच्चारायचा असतो.

संग्रह उण्यापुऱ्या पाऊण तासाचा आहे. गाणी इंग्रजीत असली तरी त्यातील शब्द साधे आहेत. ज्या वाचकांना शक्य असेल त्यांनी ती क्रमानेच ऐकावीत आणि पहिले गाणे अखेरीस पुन्हा एकदा ऐकावे. दहा गाण्यांनंतर त्यातील क्षमा निराळी ऐकू येते.