‘चांदनी बार’ आणि आपली दयाळू नजर

शहराच्या रात्रीबद्दल बोलता बोलता आज आपण मुंबईच्या डान्सबारपाशी आलो आहोत. निमित्त आहे मधुर भांडारकरांचा ‘चांदनी बार’, २००१ सालचा सिनेमा. डान्सबार म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते चित्र याच सिनेमानं दिलेलं आहे. म्हणून ते तपासून पाहायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आधी त्याचं देणं मान्य करू. तब्बू, अतुल कुलकर्णी आणि अनन्या खरे यांना या सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते योग्यच झालं. बारमधल्या बाईला हिंदी सिनेमानं तोवर बहुतेक वेळा एका गाण्यापुरतंच वापरलं होतं. इथे तिला घर आहे, नवरा आहे, मुलं आहेत. तब्बूची मुमताज पहिल्यांदा नाचते तेव्हा तिचा अवघडलेपणा पाहून आपलीच मान खाली जाते. ही ताकद छोटी नाही.

अडचण आहे ती कथेच्या उताराची. दंगलीत घर गेलं, मामानं अत्याचार केला, मग बार, मग गुंड नवरा, त्याचं एन्काउंटर. शेवटी मुलगी बारमध्ये नाचते आणि मुलाच्या हातून खून होतो. म्हणजे बार हा आजार, आणि तो पुढच्या पिढीला लागणारच! मुमताज जे करते ते काम आहे, त्यात मिळकत आहे, हिशेब आहे, हे पडद्यावर दिसतं. पण कथा त्याकडे थांबून पाहत नाही. तिला फक्त दया हवी आहे.

आता हीच नजर कायद्यात पाहा. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्यानं डान्सबारवर बंदी आणली. भाषा काय, तर स्त्रियांची प्रतिष्ठा आणि तरुणांचं भलं. पण त्याच कायद्यानं तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. म्हणजे नाच वाईट नव्हता, खुर्ची स्वस्त होती म्हणून तो वाईट! २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली, आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. समानता आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य, हे दोन्ही मुद्दे त्यात होते. त्यावर राज्याचं उत्तर काय? २०१४ मध्ये सूटच काढून टाकली, बंदी सगळ्यांनाच. दरम्यान आठ वर्षं गेली होती. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी हे चाललं होतं, त्यांच्या घरातली चूल कशावर पेटायची, याचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

मराठी माणसानं तर इथे जरा जास्तच विचार करायला हवा. आपल्या संगीतबारीत दौलतजादा आहे. चौफुल्याला, मोडनिंबला बैठकीत बाईवर पैसे उधळले की आपण त्याला परंपरा म्हणतो, लोककला म्हणतो. बारमध्ये उधळले की अश्लील. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सीसीटीव्हीची सक्ती काढली, टिप द्यायला मोकळीक दिली, पण पैसे उधळण्यावरची मनाई ठेवली. पैसे अंगावर फेकणं अपमानाचं आहे, हे आम्हालाही पटतं. मग तो अपमान फेट्याखालून झाला म्हणजे शोभून दिसतो का?

बारमध्ये शोषण नव्हतं, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. होतं, आणि ‘चांदनी बार’ ते दाखवतो. पण शोषण घरकामात आहे, कारखान्यात आहे, सिनेमाच्या सेटवरही आहे. तिथे आपण काय मागतो? पगार, सुरक्षितता, संघटना. बारवालीसाठी मात्र आपण मागितलं ते एवढंच, की तिनं दिसेनासं व्हावं.

सिनेमा पुन्हा जरूर पाहा. पाहताना एक करा: डोळ्यांत पाणी आलं की ते कुणासाठी आलं, हे स्वतःला विचारा. मुमताजसाठी, की आपण किती संवेदनशील आहोत यासाठी? आता तुमचे प्रश्न घेऊ.