गण, आकांक्षा आणि सन्निधी : 'मॅजिक' खेळातील जीवप्रधान गड्डीचा विचार

पत्त्यांच्या खेळाचा विचार विद्यापीठीय पत्रिकेत करावा की न करावा, ह्या शंकेत फार काळ घालविण्याचे कारण नाही. ज्या खेळात खेळाडू डावास बसण्यापूर्वीच हजारो पानांतून मोजकी पाने निवडून स्वतःची गड्डी सिद्ध करतो, त्या खेळाच्या बाबतीत 'रचना' हा शब्द लक्षणेने नव्हे, वाच्यार्थानेच वापरावा लागतो. आणि जेथे रचना आहे तेथे तिच्या गुणदोषांची चिकित्सा हे टीकेचेच काम आहे. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ अमेरिकेत 1993 मध्ये विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट ह्या संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा अभ्यासक होता, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल. एकाच प्रकारच्या जीवांभोवती बांधलेली गड्डी एवढाच विषय येथे घेतला आहे.

नियम थोडक्यात असे. गड्डीत किमान साठ पाने असावी लागतात. मूलभूत भूमीची पाने वगळता एकाच नावाची चारांहून अधिक पाने चालत नाहीत. आरंभी हातात सात पाने येतात, पुढे पाळीगणिक एक. भूमीची पाने एकेक करून मांडावयाची, त्यांपासून 'मॅना' नामक शक्ती मिळवावयाची आणि ती खर्चून जीव मैदानात उतरवावयाचे. प्रत्येक जीवावर दोन अंक असतात, एक माराचा व दुसरा तग धरण्याचा. प्रतिपक्षाचा वीसांचा जीवनांक शून्यावर आणला की डाव जिंकला.

जीवाच्या पानावर त्याच्या प्रकाराचे नाव छापलेले असते : गॉब्लिन, एल्फ, मर्फोक, झोंबी इत्यादी. ह्या नावाला स्वतःचा असा कोणताही अर्थ खेळात नाही. पानावर 'गॉब्लिन' छापले आहे म्हणून तो जीव अधिक जोराने मारतो किंवा पळतो असे होत नाही. दुसरे एखादे पान 'गॉब्लिन' हा शब्द उच्चारते तेव्हाच पहिल्या पानावरील शब्द सार्थ होतो. जुना अपवाद एकच सांगण्याजोगा आहे. 'वॉल', म्हणजे भिंत, ह्या प्रकारचे जीव केवळ त्या नावामुळे चाल करू शकत नसत. 2004 मध्ये त्यासाठी 'डिफेंडर' हा स्वतंत्र गुणवाचक शब्द आणण्यात आला आणि नाव पुन्हा निव्वळ नाव राहिले. शब्दाचे मूल्य इतर शब्दांशी असलेल्या संबंधातून ठरते, हे सोस्यूरच्या विवेचनातून आपण शिकवितो. त्याचे इतके उघडे उदाहरण वर्गात दाखविण्यास सहसा सापडत नाही.

ह्या प्रकाराला मराठीत काय म्हणावे? 'जात' हा शब्द प्रथम सुचतो, पण तो टाळलेला बरा. आपल्याकडील जात एकच व जन्मसिद्ध. येथे 2003 नंतर एकाच पानावर 'गॉब्लिन' आणि 'योद्धा' अशी वंश व पेशा यांची दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ झाली आणि 2007 च्या 'लॉर्विन' संचातील 'चेंजलिंग' जीव तर एकाच वेळी सर्व प्रकारांचे असतात. 'टोळी', 'जमात' हे शब्दही अडचणीचे आहेत. खुद्द प्रकाशकांनीही 2023 मध्ये त्या अर्थाचा आपला जुना इंग्रजी शब्द बदलला. मला 'गण' हा शब्द अधिक सोयीचा वाटतो. पाणिनीय परंपरेत गण म्हणजे एका नियमाच्या कक्षेत येणाऱ्या शब्दांची यादी. त्या यादीतील शब्दांचे अन्य काही नाते असो वा नसो. येथेही नेमके तसेच आहे.

गड्डीच्या परीक्षणासाठी निकष मात्र न्याय-मीमांसकांच्या शाब्दबोधविचारातून घेता येतात. पदांच्या समूहाचे वाक्य होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ह्या तीन गोष्टी लागतात असे ते मानतात. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे शब्द ओळीने उच्चारले तर वाक्य होत नाही, कारण एकास दुसऱ्याची अपेक्षाच नाही. नवशिक्याची गड्डी बहुधा अशीच असते : एक ड्रॅगन, एक देवदूत, एक राक्षस, प्रत्येक आपापल्या जागी बलवान, आणि परस्परांशी अबोला. योग्यतेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मर्फोकांना बळ देणारे पान गॉब्लिनांच्या गड्डीत घालणे म्हणजे विस्तवाने शिंपडणे होय. ती चूक कोणी दोनदा करीत नाही.

आकांक्षेचा प्रश्न मात्र सूक्ष्म आहे. 1993 च्या पहिल्याच संचात 'लॉर्ड ऑफ अटलांटिस' हे पान आहे. दोन मॅना मूल्याचा, दोन मार व दोन तग असलेला हा जीव मर्फोक-गणातील जीवांचे दोन्ही अंक एकेकाने वाढवितो. परंतु आरंभीच्या मुद्रणांत त्याच्या स्वतःच्या प्रकाराच्या जागी 'लॉर्ड' असे छापलेले असे. म्हणजे मर्फोकांचा हा स्वामी स्वतः मर्फोक नव्हता. अधिकारसूत्र ज्याप्रमाणे आपल्या कक्षेतील सूत्रांवर चालते, पण स्वतःवर चालत नाही, त्याप्रमाणे तो गणाबाहेर उभा राहून गणावर सत्ता चालवी. 2007 मधील मोठ्या फेररचनेत 'लॉर्ड' हा गणच नाहीसा झाला. आज हे पान मर्फोक-गणाचे असून त्याच्या वचनात 'इतर मर्फोक' असे शब्द आहेत.

वरवर पाहता ही केवळ वर्गीकरणाची दुरुस्ती वाटते, परंतु तिने सगळे व्याकरण बदलले. जुन्या नियमाने तीन स्वामी मैदानात आले तरी त्यांच्या माराची बेरीज सहाच राही. नव्या नियमाने दोन स्वामी एकमेकांस वाढवितात व बेरीज सहा होते. तीन असता बारा, चार असता वीस. अर्थात चारही स्वामी निर्वेध पोहोचले तर एकाच हल्ल्यात प्रतिपक्षाचा पूर्ण जीवनांक संपतो. देणारा स्वतः घेणाराही झाला की वाढ बेरजेची राहत नाही, गुणाकाराची होते.

गड्डी रचणाऱ्यांत जो सर्वसाधारण उपदेश प्रचलित आहे, की गण निवडा आणि त्याचे जेवढे स्वामी सापडतील तेवढे भरा, तो ह्याच आकड्यांवर उभा आहे. तो उपदेश मला अपुरा वाटतो. ज्या व्याकरणाने बेरीज वाढते त्याच व्याकरणाने ती कोसळते. दोन स्वामी मैदानात आहेत, दोघांचेही अंक तीन-तीन आहेत. प्रतिपक्षाने एका मॅनाचे 'लायटनिंग बोल्ट' टाकून त्यांतील एकावर तीनांचा आघात केला. तो मेलाच, पण उरलेलाही पुन्हा दोनावर आला. सहाची बेरीज एका पानाने दोनावर आली. म्हणून अशा रचनेची परीक्षा ती पूर्ण असताना करू नये, लोपानंतर करावी. एक पद काढून घेतल्यावर वाक्यात काय उरते, हे पाहावे.

ह्या परीक्षेत 'स्लिव्हर' गणाची रचना मला सर्वांत दुबळी वाटते. 1997 च्या 'टेम्पेस्ट' संचातील ह्या जीवांत स्वामी-सेवक हा भेदच नाही. प्रत्येक जीव आपला गुण सर्व स्लिव्हरांना देतो. एकाला पंख असले की सगळे उडतात. कल्पना विलक्षण सुंदर आहे, आणि तिच्या सौंदर्यामुळेच पुष्कळांची फसगत होते. येथे सगळी पदे साकांक्ष आहेत. एकही पद स्वतःच्या बळावर उभे नाही. मूळ वचनात 'सर्व' हा शब्द असल्यामुळे प्रतिपक्षाच्या स्लिव्हरांनाही तेच गुण मिळत. 2013 च्या संचापासून नव्या स्लिव्हरांच्या वचनात 'तुमच्या ताब्यातील' असे शब्द आले. सर्वनामाच्या ह्या बदलाने सोय झाली खरी, पण समाजवृत्तीचा जो एक खट्याळ विनोद मूळ पानांत होता, तो गेला.

ह्याच्या उलट गॉब्लिनांची गड्डी. 'गॉब्लिन पाइलड्रायव्हर' (2002) हा एक मार व दोन तग असलेला क्षुल्लक जीव. पण चाल करताना सोबत चाल करणाऱ्या दर इतर गॉब्लिनामागे त्याचा मार दोनांनी वाढतो. तीन सोबती असता तो सात होतो. हा साकांक्षतेचा कळस झाला. तथापि त्याच गड्डीत 'गॉब्लिन मेट्रन' (1998) आहे, जी मैदानात येताच गड्डीतून हवा तो गॉब्लिन शोधून हातात आणून देते. आणि 'गॉब्लिन रिंगलीडर' (2001) आहे, जो गड्डीची वरची चार पाने उघडून त्यांतील सर्व गॉब्लिन हाती देतो. ही पाने शेजाऱ्यास बळ देत नाहीत, शेजारी आणतात. 'रॅथ ऑफ गॉड' ह्या चार मॅनाच्या पानाने मैदानातील सगळे जीव मारले तरी पुढच्या पाळीस एक रिंगलीडर उतरला की सरासरीने दोन गॉब्लिन हाती येतात.

'सरासरीने दोन' हे मात्र गड्डीत तीस गॉब्लिन असतील तरच. साठांची गड्डी धरून हिशेब केला, तर तीस गॉब्लिन असता चार पानांत एकही न येण्याचा संभव शंभरात सहाहून कमी, चोवीस असता बारा आणि बाराच असता जवळजवळ चाळीस. म्हणजे ह्या रचनेचे खरे बळ रिंगलीडरात नसून गणाच्या दाट वस्तीत आहे. सामान्य सभासदांची संख्या कापून चमकदार पाने भरणाऱ्याने स्वतःच्या नायकाचेच पाय कापलेले असतात.

राहिली सन्निधी. 'गाय' हे पद आता उच्चारले आणि 'आण' हे एका प्रहराने, तर ऐकणाऱ्यास बोध होत नाही. पत्त्यांत हा दोष पिसण्याने उत्पन्न होतो. एखाद्या पानाच्या चार प्रती साठांत असल्या तरी पहिल्या सात पानांत त्यांपैकी एक तरी येण्याचा संभव शंभरात चाळीसच आहे. प्रत्येकी चार प्रती असलेली दोन ठरावीक पाने एकत्र येण्याचा तर शंभरात पंधराहूनही कमी. कागदावर अभेद्य वाटणाऱ्या युती प्रत्यक्षात का दिसत नाहीत, त्याचे उत्तर येथे आहे.

ह्यावर उपाय भाषेने फार पूर्वीच शोधलेला आहे, तो म्हणजे समानार्थी शब्द. 2012 मध्ये 'मास्टर ऑफ द पर्ल ट्रायडेंट' हे पान आले. त्याचे मूल्य तेच, अंक तेच, आणि काम जवळजवळ तेच. चार प्रतींची मर्यादा नावाला आहे, अर्थाला नाही. त्यामुळे मर्फोक रचणाऱ्याच्या हाती दोन मॅनाचे आठ स्वामी आले आणि पहिल्या सातांत एक तरी असण्याचा संभव चाळिसांवरून पासष्टावर गेला. मात्र पूर्ण पर्याय असे भाषेत नसतात, तसे येथेही नाहीत. जुना स्वामी प्रतिपक्षाच्या मर्फोकांनाही बळ देतो, नवा फक्त आपल्यांना देतो. समोर दुसरी मर्फोक गड्डी बसली की हा अर्थभेद डावाचा निकाल ठरवू शकतो. 2004 चे 'एथर व्हायल' हे उपकरण आणि 2008 ची 'म्यूटाव्हॉल्ट' ही भूमी ह्या गड्डीत का दिसतात, तेही ह्याच निकषाने कळते. पहिले मॅनाची वाट न पाहता जीव योग्य क्षणी मैदानात आणते. दुसरी एका मॅनाने पाळीपुरती सर्व गणांचा दोन मार व दोन तग असलेला जीव बनते. 'रॅथ ऑफ गॉड' पडते त्या वेळी ती मैदानात भूमी म्हणूनच असते, म्हणून वाचते. आणि पुढच्या पाळीस नवा स्वामी उतरला की त्याच्या वचनाला लागणारा एक मर्फोक तेथे आधीच हजर असतो.