हिप्पोकॅम्पस दोन टक्के वाढला, मग स्मरणशक्तीचं काय?

मागच्या महिन्यात वडिवळ्याला आत्याकडे गेलो होतो. आत्तेभावाच्या मोबाईलवर फॉरवर्ड आला होता: ‘वर्षभर चाला, मेंदू वाढवा, अल्झायमर टाळा.’ आत्या हल्ली नावं विसरते. तो म्हणाला, “तू रिसर्च करतोस ना, मग सांग. हिला रोज धरणापर्यंत चालवत नेलं तर पुरे ना?”

उत्तर देण्याआधी मी मूळ पेपर पुन्हा वाचला. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल तर तुम्हीही वाचा.

पेपर २०११ चा, पीएनएएसमधला, एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालला, दुसऱ्यानं स्ट्रेचिंग केलं. वर्षभरानंतर एमआरआयमध्ये चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, सुमारे २ टक्के वाढलेला दिसला. स्ट्रेचिंगवाल्यांचा १.४ टक्के घटला.

आधी चांगलं ते बोलू. कंट्रोल ग्रुपला नुसतं घरी बसवलं नव्हतं. त्यामुळे ‘चार माणसांत मिसळले म्हणून फरक पडला’ हा आक्षेप टिकत नाही. याउलट निम्हन्सचा २०१३ चा योगावरचा प्राथमिक अभ्यास बघा. तिथेही सहा महिन्यांत हिप्पोकॅम्पस वाढला, पण माणसं सात आणि कंट्रोल ग्रुपच नाही.

आता खरी गोम. एरिक्सनच्या शीर्षकात ‘स्मरणशक्ती सुधारते’ असं आहे. रिझल्ट्समध्ये मात्र स्मरणशक्ती दोन्ही गटांची सुधारली आणि गटांमध्ये ठोस फरक नाही. मग दावा कशावर? चालणाऱ्यांपैकी ज्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला, त्यांची स्मरणशक्तीही जास्त सुधारली, या सहसंबंधावर. पण रँडम वाटपाची ताकद दोन गटांच्या तुलनेत असते. एकाच गटाच्या आत शिरलात की ती ताकद गेली, उरलं फक्त निरीक्षण.

उलट उदाहरण फिनलंडच्या फिंगर ट्रायलचं, २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेलं. १२६० जण, दोन वर्षं आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष. आकलनाच्या चाचण्यांत फरक दिसला. पण ज्या १३२ जणांचे एमआरआय काढले, त्यांच्यात दोन गटांत मेंदूच्या आकारमानाचा ठोस फरक सापडला नाही. एकीकडे स्कॅन बदलला, स्मरणशक्तीत गटांचा फरक नाही. दुसरीकडे चाचण्या बदलल्या, स्कॅन नाही. म्हणजे स्कॅन हा स्मरणशक्तीचा पर्याय म्हणून वापरता येत नाही.

शिवाय एरिक्सनच्या अभ्यासात कुणालाच अल्झायमर नव्हता आणि सगळे बैठ्या जीवनाचे होते. माझ्या आत्यानं आयुष्यभर चिखलात वाकून भातलावणी केली. तिच्यासाठी ‘चालणं सुरू करा’ याचा अर्थ काय, हे तो पेपर सांगूच शकत नाही.

आत्तेभावाला सांगितलं, चालू दे, हृदयाला आणि रक्तदाबाला चांगलंच आहे. पण विसरण्यासाठी आधी डॉक्टरांकडे ने. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरतं आणि त्यावर उपचार आहेत. फॉरवर्डच्या भरवशावर वर्ष घालवू नकोस.

आणि तुम्ही? पुढचा पेपर उघडाल तेव्हा शीर्षकातला दावा रिझल्ट्समधल्या नेमक्या कोणत्या तुलनेवर उभा आहे, ते वाक्य आधी शोधा. सापडलं नाही, तर तुमची टीका तिथूनच सुरू होते.