जाहीर नोटिशीतला ‘हरकतदार’ कोण?

समीक्षेने कथा-कविता वाचावी आणि सरकारी कागद वकिलांवर सोडावा, ही वाटणी मला मान्य नाही. ज्या भाषेने गावकुसाबाहेरच्या माणसाचे जगणे ठरते, ती तपासणे हेही समीक्षेचेच काम आहे. म्हणून येथे मी एका दुर्लक्षित लेखनप्रकाराचा विचार करतो : वीजवहनाच्या परवान्याआधी वर्तमानपत्रात येणारी जाहीर नोटीस.

संदर्भ आमच्या धाराशिव जिल्ह्याचा आहे. येथल्या माळरानावरील १००० मेगावॅट पवनवीज बाहेर नेण्यासाठी कळंबचे ४००/२२० केव्हीचे उपकेंद्र योजले गेले आणि परळी–पुणे वाहिनीशी जोडले गेले. ही यंत्रणा आंतरराज्य आहे. येथला वारा वीज होऊन राज्याची सीमा ओलांडतो. त्याच देशव्यापी जाळ्यातून २०१३ पासून बहरामपूर–भेडामारा मार्गाने बांगलादेशालाही वीज जाते. त्या व्यापारासाठी २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ चे विनियम आहेत. विजेला सीमा ओलांडण्याची सोय नीट लिहून ठेवलेली आहे. प्रश्न आहे तो तारेखाली राहणाऱ्या माणसाचा.

२००३ च्या वीज कायद्याचे १५ वे कलम सांगते की अर्जदाराने नोटीस प्रसिद्ध करावी आणि आलेल्या हरकतींचा विचार झाल्याखेरीज परवाना देऊ नये. ही तरतूद मोलाची आहे. तिला नुसते ढोंग म्हणून झटकणे आळशीपणाचे ठरेल. पण प्रत्येक लेखनाच्या पोटात त्याचा वाचक गृहीत असतो. या नोटिशीचा वाचक रोज वर्तमानपत्र घेतो, ‘केव्ही’ आणि ‘पारेषण’ हे शब्द जाणतो, दिल्लीतल्या आयोगाकडे मुदतीत लेखी म्हणणे पाठवतो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वस्तीतले असले कागद माझ्याकडे वाचायला येतात ते बहुधा मुदत टळल्यावर.

वाचकाहून मोठा प्रश्न नुकसानीच्या व्याख्येचा आहे. मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के भरपाई द्यावी असे केंद्राने २०१५ मध्ये सुचवले. २०२४ मध्ये तो आकडा २०० टक्के झाला. शेतकऱ्याला हे मिळालेच पाहिजे. पण हे सारे गणित सातबाऱ्यापासून सुरू होते आणि सातबाऱ्यापाशीच संपते. सालगड्याचे काय? गायरान कसून पोट भरणाऱ्या आमच्या माणसांचे काय? १९६४ च्या भूमिसत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन माणसे तुरुंगात गेली. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, तरी कितीतरी नावे कागदावर चढलीच नाहीत. त्यांच्या कसण्याला कागदात शब्द एकच : ‘अतिक्रमण’. ज्याचे असणेच गुन्हा ठरते, तो हरकत कोणत्या तोंडाने घेणार?

गावात येऊन ऐकणारी लोकसुनावणीही येथे नाही. कारण २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेच्या यादीत पवनचक्क्या नाहीत आणि वीजवाहिन्याही नाहीत. उलट वाहिनीवाल्याच्या हाती १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देता येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढला, पण वीजवाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवला. राणीच्या राज्यातला हा वारसा प्रजासत्ताकाने नेमका कोणासाठी जपला?

विजेला आमचा विरोध नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला. वीज हवी ती उद्योगीकरणासाठी आणि उद्योगीकरण हवे ते माणसाला दारिद्र्यातून सोडवण्यासाठी, असा त्यांचा विचार होता. आज परवान्याच्या कागदात मेगावॅट मोजले जातात. सुटका कोणाची झाली, याला रकाना नाही.

आमच्या साहित्याने भूक लिहिली, अपमान लिहिला. आता हा कागदही वाचला पाहिजे आणि त्याला उत्तर लिहिले पाहिजे. मार्ग ठरण्याआधी नोटीस मराठीत, ग्रामसभेत आणि दलित वस्तीत मोठ्याने वाचली जावी. तोंडी हरकत लिहून घेतली जावी. भूमिहीनाची, गायरान कसणाऱ्याची हरकत सातबारा न मागता नोंदवावी आणि तिला कारणांसह उत्तर द्यावे. तोवर ‘कोणाचीही हरकत आली नाही’ या वाक्याला संमती म्हणणे मला मान्य नाही. आम्हांला विचारलेच नव्हते, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे.