मालिकांची शीर्षकगीते आणि अशोक पत्की : एक समीक्षात्मक विचार

मराठी भावसंगीताचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक आकाशवाणी, ध्वनिमुद्रिका आणि रंगभूमी येथपर्यंत आस्थेने येतात. दूरचित्रवाणीपाशी मात्र लेखणी अडखळते. या उपेक्षेचा मोठा फटका अशोक पत्की यांच्या मूल्यमापनाला बसला आहे. ‘केतकीच्या बनी’चे संगीतकार म्हणून त्यांचा गौरव होतो, ‘आभाळमाया’ तळटीपेत जाते. हा क्रम उलटा असावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पत्की यांचा जन्म १९४१चा. सुमन कल्याणपूर यांच्यासाठी केलेली भावगीते, पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या सहवासातील काम आणि जाहिरातींची असंख्य जिंगल्स, अशी त्यांची जडणघडण आहे. यांतील तिसऱ्या गोष्टीला समीक्षक नाक मुरडतात. वस्तुतः अल्पावकाशात पूर्ण सांगीतिक विधान करण्याची शिस्त तेथेच घडली. १९८८च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मध्ये तिचे फळ दिसते. भाषा आणि गायक क्षणोक्षणी बदलतात. भैरवीतील चाल मात्र आपली ओळख सोडत नाही. वाद्यसंयोजन लुई बँक्स यांचे. गीत देशभर पोहोचले, संगीतकाराचे नाव फारसे पोहोचले नाही.

चित्रपटगीत कथेच्या ओघात येते. शीर्षकगीत कथेच्या आधी येते आणि प्रत्येक भागात पुन्हा येते. त्यामुळे त्याला एखाद्या प्रसंगाला बांधून घेता येत नाही, आणि शेकडो वेळा ऐकूनही शिळे होऊन चालत नाही. १९९९मध्ये अल्फा मराठी वाहिनीवर विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली सुरू झालेली ‘आभाळमाया’ या कसोटीला उतरते. आपटे दूरदर्शनच्या निर्मितीव्यवहारात मुरलेले. शब्द मंगेश कुलकर्णींचे. स्वर देवकी पंडित यांचा, ज्यांना अभिषेकीबुवांचीच तालीम लाभली होती. नायिका सुधा जोशी प्राध्यापिका. (आपल्या व्यवसायबंधूंना ही मालिका जवळची वाटली, त्यात हेही कारण असावे.) तिच्या संसारातील पेच चाल सांगत बसत नाही, पेचांकडे पाहण्याचे अंतर ती प्रेक्षकाला देते. मालिका जेथे अश्रूंकडे झुकते, तेथेही गीत संयम सोडत नाही.

‘वादळवाट’विषयी मात्र तसे म्हणवत नाही. गुन्हेगारी आणि राजकारण यांत गुंतलेल्या त्या कथेवर पत्की यांनी मार्दवाचेच पांघरूण घातले. गीत अवीट गोड आहे, पण नावातील वादळ त्यात शिरत नाही. माधुर्य हे पत्की यांचे सामर्थ्य आणि हीच त्यांची मर्यादा.

मैफल आणि नाट्यगृह यांपासून दूर असलेल्या बोर्ली पंचतनसारख्या गावातून पाहता या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील अनेक घरांत रोज ऐकले जाणारे मराठी गाणे दूरचित्रवाणीने आणले. ‘अंतर्नाद’ या कोंकणी चित्रपटासाठी पत्की यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची नोंद सर्वत्र सापडते. शीर्षकगीतांची श्रेयनामावली मात्र पडद्यावरून झरझर सरकून जाते. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा मान्य केला, पण कोणते गीत कोणाचे, याची विश्वसनीय सूची नसेल तर अभ्यासकाने मांडणी कशाच्या आधारे करावी? मोबाइलवर मालिका पाहणारा प्रेक्षक आता शीर्षकगीत एका बोटाने ओलांडतो. ती सूची करण्याचे काम मराठी आणि संगीत या दोन्ही विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे, आणि त्यासाठी पहिली नोंद ‘आभाळमाया’ची असावी.